पान सातवरचं ‘पटलं नाही’

रूथ, पान सात माझ्यासमोर आहे आणि मी तुझ्यावर चिडले आहे.

तू जाऊन सतरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत माणसं रडून घेतात, जुने फोटो काढतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला लागतात. मी रोज सकाळी चहा झाला की जेवणाच्या टेबलावर आपली हिरवी फाइल उघडते, सातव्या पानावर येते आणि तुझ्याशी भांडायला बसते. पानाच्या समासात तुझ्या ताठ अक्षरात पेन्सिलीने तीन शब्द लिहिलेले आहेत. ‘पटलं नाही. बोलू.’ बस. काय पटलं नाही, कुठली ओळ पटली नाही, काही पत्ता नाही. बाण नाही, गोल नाही, कशाखाली रेघ नाही. रविवारी हे लिहिलंस, आणि मंगळवारी सकाळी चपात्यांची कणीक भिजवून ठेवलीस आणि गेलीस. कणकेवर ओलं फडकं झाकलेलं होतं. फडकं झाकायला वेळ मिळाला, एक बाण काढायला मिळाला नाही?

दुसऱ्या कुणाला वाटेल, पान सात म्हणजे एखादं पत्र असेल, काही शेवटची इच्छा वगैरे. तसलं काही नाही. अकरावीच्या मुलांसाठी मी लिहिलेल्या नोट्सचं ते पान. सरळ रेषेचं समीकरण फिरवून असं लिहायचं, की डावीकडे नुसता y उरेल. २x + ३y = १२ असं काहीतरी दिलेलं असतं, x आणि y एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले. ते y = mx + c या साच्यात आणायचं. मग m बघितला की रेषेचा चढ कळतो आणि c बघितला की ती y-अक्षाला कुठे भेटते ते कळतं. फरीदाबादच्या तुझ्या पुढच्या खोलीत आपण दोघी निवृत्तीनंतर क्लास चालवत होतो आणि दरवर्षी मुलं याच ठिकाणी अडकत होती. दहावी चांगल्या मार्कांनी पास झालेली मुलं. चिन्हं चुकायची, भागाकार अर्धाच करायची. म्हणून यंदा आपण ठरवलं, नोट्स आपल्या हाताने लिहायच्या. मी लिहायचं, तू तपासायचं. तपासताना तू काय करतेस हे ठाऊक असूनही मी हो म्हटलं, ही माझी चूक.

कारण तू चूक कधीच दाखवायची नाहीस. मुलांच्या वह्यांवर लाल शाईने गोल करणाऱ्या बाया मी आयुष्यभर बघितल्या, मीही त्यातलीच. तू पेन्सिलीने समासात लिहायचीस, ‘पटलं नाही. बोलू.’ मग तो मुलगा किंवा ती मुलगी वही घेऊन तुझ्याजवळ यायची आणि तू म्हणायचीस, ‘चलो, शुरू से बताओ.’ मूल पहिल्या ओळीपासून सांगायला लागायचं आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला स्वतःच थांबायचं. ‘अरे! मॅम, ये तो गलत है.’ तू काहीच केलेलं नसायचं. मला ते बघून कौतुक वाटायचं आणि रागही यायचा, कारण तेवढ्या वेळात माझ्या बाजूच्या मुलांची चार गणितं झालेली असायची.

आणि हा शब्द तू त्यांच्या तोंडी बसवलास. मुलांनी ‘समझ में आ गया’ म्हटलं की तुझं समाधान व्हायचं नाही. ‘समजणं वेगळं, पटणं वेगळं,’ तू मला मराठीत म्हणायचीस आणि मग मुलांकडे वळून हिंदीत तेच सांगायला जायचीस आणि अडायचीस. पटणं याला हिंदीत नेमका शब्द सापडेना. ‘जँचना’ म्हणून बघितलंस, ‘गले उतरना’ म्हणून बघितलंस. शेवटी कंटाळून म्हणालीस, ‘देखो, समझ में आया तो सिर हिलाओ. पर अंदर से नहीं माना, तो बोलो, पटलं नाही.’ पंजाबी, हरियाणवी, बिहारी, मल्याळी, सगळी पोरं त्या दिवसापासून ‘मॅम, पटलं नाही’ म्हणायला लागली. एकाच्या आईने मला गेटवर गाठून विचारलं होतं, ‘ये पटला नहीं क्या होता है जी? घर में दाल को भी बोल रहा है.’

आपली खरी भांडणं मात्र आपण मराठीत करायचो, मुलांना कळू नयेत म्हणून. त्यांना सगळं कळायचं.

एक भांडण ‘चढ’ या शब्दावरून. स्लोपसाठी हिंदीतला ‘ढाल’ तुला चालायचा नाही. ‘ढाल तलवारीबरोबर असते,’ तू म्हणायचीस. स्लोप म्हटलं की मुलांना काही दिसत नाही, चढ म्हटलं की पाय दुखतात, असं तुझं म्हणणं. ठीक आहे, ते मी मान्य केलं. पण m उणे आला की त्याला सरळ उतार म्हणावं की नाही? तू हट्टाने म्हणायचीस, ‘नाही. रेषेला उतार नसतो. चढच असतो, कधी उणे असतो.’ तीन वर्षं हा वाद चालला. तीन वर्षं मी मुलांना हळूच उतार सांगत होते आणि तू दुसऱ्या दिवशी ते खोडून काढत होतीस.

पण तुला टाकीचं सुचलं, ते मला कधी सुचलं नसतं. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणते. त्या दिवशी शगुफ्ताने विचारलं होतं, ‘मॅम, वही इक्वेशन है, वही लाइन है, तो दोबारा लिखने की क्या ज़रूरत?’ मी असते तर ‘पेपर में आता है’ म्हणून विषय संपवला असता. तू अख्खा वर्ग गच्चीवर नेलास. पाण्याच्या काळ्या टाकीचं झाकण उघडलंस, खाली मोटर सुरू करायला सांगितलीस आणि विचारलंस, ‘बताओ, अभी कितना है? और हर मिनट कितना चढ़ता है?’ मुलं वाकून वाकून बघायला लागली. आधी किती होतं, तो c. दर मिनिटाला किती वाढतं, तो m. ‘बस, यही दो बातें जाननी हैं,’ तू म्हणालीस. ‘पहले वाली इक्वेशन में दोनों बातें छुपी हैं. झूठ नहीं बोल रही, बस बता नहीं रही. इसलिए दोबारा लिखते हैं.’ तेवढ्यात टाकी भरून वाहिली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या दोघींचा उद्धार केला. त्या वर्षी एकाही मुलाला m आणि c मधला फरक पुन्हा सांगावा लागला नाही.

मग पान सातवर तुझं काय बिनसलं?

पहिला संशय अर्थातच ‘पलीकडे’वर. नोट्स हिंदीत, पण मी लिहिलंय ते हेच, ‘२x पलीकडे नेले की चिन्ह बदलते.’ ही ओळ बघून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मी न बघता सांगू शकते. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये समोरासमोर राहत होतो तेव्हापासून हे ऐकतेय. तुझं स्वयंपाकघर माझ्या स्वयंपाकघरासमोर, मध्ये फक्त जिन्याची मोकळी जागा. मी शाळेत नवीन लागलेली, उद्याच्या तासाला काय शिकवायचं ते भाजी चिरता चिरता मोठ्याने घोकायची, आणि तू पलीकडून ओरडायचीस.

‘कोण नेतं गं? दोन x ला पाय आहेत का?’

‘अगं, म्हणायची पद्धत आहे.’

‘पद्धत कसली? दोन्ही बाजूंतून दोन x वजा केले. डावीकडचे संपले, उजवीकडे उणे दोन x दिसायला लागले. पलीकडे काही जात नाही, वंदना. मुलांना खोटं नको सांगूस.’

खोटं! मी रागाने कुकरची शिट्टी होऊ दिली नाही, गॅसच बंद केला. संध्याकाळी तूच वाटीभर खिमा घेऊन आलीस, माझ्या नवऱ्यासाठी, आणि माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी. वाट्या ठेवल्यास आणि ओट्याला टेकून मला पहिल्यापासून शिकवलंस. तू एम. एस्सी., मी कशीबशी बी. एस्सी. त्या जिन्यात, ओट्यापाशी, तू मला जेवढं गणित शिकवलंस तेवढ्यावर मी पुढे सव्वीस वर्षं नोकरी केली. हेही तोंडावर म्हटलेलं नाही. तूही कधी म्हणवून घेतलं नाहीस.

तुझ्या प्रार्थनेच्या दिवशी काय झालं ते सांगते. चर्च भरलेलं होतं. आपली जुनी मुलं आली होती, काही तर टायवर, ऑफिसातून सरळ. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले, आवाज खोल, चेहरा गंभीर, आणि म्हणाले, ‘आपली भगिनी रूथ आज पलीकडे गेली.’ तुझ्या पेटीपासून चार हातांवर उभी होते मी, आणि मला तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला. ‘कोण नेतं गं?’ मला हसू फुटलं. खरंच. पदर तोंडात कोंबला. माझ्या शेजारची बाई मला थोपटत राहिली, तिला वाटलं, मी रडतेय. दोन मिनिटांनी ते खरं झालं.

कारण तुझा नियम मग मला तिथेच पुरता समजला, आणि नको तेव्हा समजला. पलीकडे कुणी जात नाही. दोन्ही बाजूंतून वजा होतं. तू भाऊजींच्या घरातून वजा झालीस, आणि त्याच मंगळवारी माझ्याही घरातून झालीस. माझा नवरा अजून चार माणसांत म्हणतो, ‘वंदनाच्या शेजारीण होत्या.’ शेजारीण! मला त्या शब्दाचासुद्धा राग येतो.

पण मला रागाआड काही लपवायचं नाही. पान सातबद्दल माझा दुसरा संशय वेगळा आहे आणि तो मला झोंबतो.

तो शनिवार. क्लासच्या लाकडी खुर्च्यांवर मुलं चुळबुळ करतात म्हणून गाद्यांचे अभ्रे घ्यायला आपण सरोजिनी नगरच्या बाजारात गेलो होतो. तुला तिथे जायला कारण लागायचंच नाही. एका गाड्यावरचे अभ्रे उलटेपालटे करत तू हिंदीत भाव करत होतीस आणि मध्येच माझ्याकडे वळून मराठीत पान सातवर बोलत होतीस. ‘भैया, ये तो धुलते ही सिकुड़ जाएगा. वंदना, तू परत तेच पलीकडे लिहिणार असशील तर मी ते पान वाटू देणार नाही हां. भैया, दूसरा रंग दिखाओ.’ विकणारा वैतागला, मी वैतागले. तुला त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं.

परतीच्या मेट्रोत, लाजपत नगरला गाडी बदलल्यावर, आपल्याला शेजारी शेजारी जागा मिळाली. तू पुन्हा सुरू केलंस. मुलांना घाई करू नकोस, पटल्याशिवाय पुढे नेऊ नकोस. माझे पाय दुखत होते, मांडीवर अभ्र्यांचं गाठोडं होतं. मी म्हणाले, ‘तू शिकवत नाहीस, रूथ, तू मुलांना अडवून धरतेस. म्हणूनच तुला शाळेत कुणी बोर्डाचा वर्ग द्यायचं नाही.’

हे खरं होतं म्हणून वाईट होतं. तुझा पोर्शन कधी वेळेत पुरा व्हायचा नाही, म्हणून तुला कायम सातवी-आठवी दिली. दरवर्षी वेळापत्रक लागलं की तू दोन दिवस गप्प असायचीस. हे फक्त मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, जिन्यात बसून. तुझी सगळ्यात दुखरी जागा तू मला विश्वासाने दाखवलीस आणि मी भर मेट्रोत तिथेच बोट घातलं.

तू म्हणालीस, ‘अच्छा.’

मग दारावरच्या पट्टीवर कुठली स्टेशनं येणार ते वाचत राहिलीस, जणू त्या मार्गावर पहिल्यांदा चाललीस. उतरल्यावर माझ्या हातातलं गाठोडं घेतलंस. गेटपाशी म्हणालीस, ‘फाइल पाठव. वाचते.’

मी फाइल पाठवली. रविवारी संध्याकाळी भाऊजी परत आणून देऊन गेले. पानं एक ते सहा, प्रत्येकावर खाली छोटीशी बरोबरची खूण. पान सातवर, ‘पटलं नाही. बोलू.’ त्या सोमवारी क्लासला सुट्टी होती. दिवसभर मोकळी होते. फोन हाताशी होता. तुझं घर पाच मिनिटांवर. मी कपाट आवरलं. जुनी लोकरीची स्वेटरं उन्हात टाकली. मनात म्हटलं, ‘तिला बोलायचंय ना, मग तिने करावा फोन.’

परवा भाऊजींकडे गेले तेव्हा त्यांनी मला चहा करून दिला. साखर दोनदा घातली. मग सहज सांगावं तसं म्हणाले, ‘सोमवारी दोन वेळा फोन हातात घेऊन बसली होती. मी म्हटलं, लाव ना. तर म्हणाली, वंदना रागावलेली आहे, तिचा राग उतरला की ती करेल.’

बघ. उतार असतो, रूथ. तूच बोललीस, राग उतरला की. आणि नेमका हा मुद्दा जिंकल्याचं मला सांगता येत नाही. पण मला सांग, दोन शहाण्या बायका, दोघींची साठी उलटलेली, पाच मिनिटांच्या अंतरावर आपापला फोन मांडीवर घेऊन दुसरीची वाट बघत बसतात, याला काय म्हणावं? तू तर समजूतदार होतीस. माझ्या वाटणीचा मूर्खपणा मी केला. तुझ्या वाटणीचा तू कशाला केलास?

मी ‘पलीकडे’ला एवढी का चिकटून होते, हे तू एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं. आता सांगते. बार्शीला नववीत मी गणितात नापास झाले होते. सहामाहीला शंभरात अकरा. वडिलांनी ठरवलं, हिची शाळा बंद, घरकाम शिकू दे. माझा दादा कॉलेजातून सुट्टीवर आला होता. त्याने मला एका संध्याकाळी अंगणात बसवलं आणि म्हणाला, ‘हे बघ वंदे, बाकी सगळं विसर. एकच लक्षात ठेव. पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.’ अधिक गेलं की वजा येतं, गुणाकार गेला की भागाकार येतो. मी ते मंत्रासारखं पाठ केलं. का, कसं, काही कळलं नाही. वार्षिकला बावन्न मिळाले. शाळा वाचली, कॉलेज झालं, लग्न होऊन दिल्लीला आले, नोकरी केली. ते सगळं त्या एका खोट्या वाक्यावर उभं आहे. तू त्याला खोटं म्हणायचीस तेव्हा मला वाटायचं, तू माझ्या दादाला खोटं म्हणतेस. तू बरोबर होतीस हे मला जिन्यातल्या पहिल्याच दिवशी समजलं होतं. पटवून घेतलं नाही, एवढंच.

मग अकराव्या दिवशी तिसराच प्रकार निघाला, आणि त्या दिवशी तर मी फाइल आपटलीच.

मी तुझ्याच पद्धतीने बसले. चलो, शुरू से बताओ. पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत गेले. पहिलं उदाहरण २x + ३y = १२, उत्तर y = −(२/३)x + ४. बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं ५x − ३y = १५. पाच x पलीकडे नेले, −३y = −५x + १५. मग सगळ्याला उणे तीनने भागायचं. y = (५/३)x + ५.

अधिक पाच.

रूथ, अधिक पाच लिहिलंय मी. पंधराला उणे तीनने भागलं की उणे पाच येतात, हे सातवीतलं पोर सांगेल. जी रेषा y-अक्षाला शून्याच्या खाली पाच घरांवर भेटायला हवी, ती मी पाच घरं वर नेऊन ठेवली. चिन्हाच्या ज्या चुकीसाठी मी सव्वीस वर्षं मुलांना ओरडले, ती माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, छापायला तयार. म्हणजे तुझं ‘पटलं नाही’ एवढ्यासाठीच होतं की काय? एका अधिकच्या चिन्हासाठी? इतके दिवस मी स्वतःला मेट्रोतल्या वाक्यासाठी खात होते आणि तू बाई कदाचित नुसतं गणित तपासत होतीस!

की नव्हतीस? तीन कारणं झाली आता. दादाचं वाक्य, चुकलेलं चिन्ह, आणि मेट्रोत मी तोडून बोलले ते. तीन शब्द लिहून गेलीस आणि तिन्ही कारणांना ते सारखेच लागू पडतात. दुसऱ्या कुणी असं गणित घातलं असतं तर म्हटलं असतं, माहिती अपुरी आहे, उत्तर निघत नाही. तुझ्या बाबतीत तेही म्हणवत नाही.

क्लास या सोमवारी माझ्या घरी सुरू केला. जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, बाकीची मुलं सतरंजीवर. ते अभ्रे मी घातले नाहीत, गाठोडं अजून तुझ्याच घरी आहे. आदल्या दिवशी नोट्स झेरॉक्सला द्यायच्या होत्या. अधिक पाचावर पांढरा रंग लावून उणे पाच केलं. ‘पलीकडे’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘दोन्ही बाजूंतून २x वजा केले.’ मग रबर घेतला, समासातले तुझे तीन शब्द खोडायला. आणि मला ते जमलं नाही. मनाला म्हटलं, पेन्सिल फिकट असते, झेरॉक्सवर उमटायची नाही.

तू पेन्सिल किती दाबून लिहायचीस, हे मला माहीत असायला हवं होतं.

सोमवारी चौदा मुलांच्या हातात चौदा पानं गेली, आणि चौदाही पानांच्या समासात तू. शाईपेक्षा ठळक.

गुंजन म्हणाली, ‘मॅम, ये रूथ मॅम की राइटिंग है ना?’

‘हाँ. वो गलती से छप गया. सवाल करो.’

‘मॅम, पटलं नाही तो हमें पता है.’ तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. ‘ये बोलू मतलब?’

‘मतलब... बात करेंगे.’

‘कब?’

तिने सरळ विचारलं होतं, अर्थ पूर्ण व्हावा म्हणून. परीक्षेला येणार असल्यासारखं. मी तिच्यावर खेकसले, ‘पहला सवाल करो चुपचाप!’ आणि फळ्यावर २x + ३y = १२ लिहिलं. एक मुलगा म्हणाला, ‘मॅम, टू एक्स उधर जाएगा, माइनस हो जाएगा.’ आणि माझ्या तोंडून, मी न ठरवता, तुझ्याच चिडक्या सुरात निघालं, ‘उधर कौन ले जा रहा है? उसके पैर हैं क्या?’

सगळी मुलं माझ्याकडे बघत राहिली.

तास पुरा केला. दीड तासात तीनच गणितं झाली, तुझ्या वर्गात व्हायची तेवढीच. मुलं गेल्यावर टेबलावर एक पान उरलं होतं, जास्तीचं. तुझ्यासाठी काढलेलं. सवयीने पंधरा प्रती सांगितल्या होत्या.

ते घेऊन बसले आहे आणि हे लिहिते आहे. गुंजनला उत्तर द्यायचं राहिलं, तिला मी काय सांगणार? तू गेलीस. सगळ्या पायऱ्या पुन्हा पुन्हा तपासल्या, रूथ. मंगळवार, दवाखाना, चर्च, माती. एकाही ओळीत चूक सापडत नाही. समजलंय मला.

पेन्सिल घेतली आहे. तुझ्या त्या तीन शब्दांखाली, दाबून, तेच तीन शब्द लिहिते.

पटलं नाही. बोलू.